पिल्लाला रेबीजची एकच लस पुरते की अख्खा कोर्स करावा लागते?

वावरवाला (समुद्रपूर तालुका)
राम राम मंडळी. घरी नवीन पिल्लू आणलं, मावसभावाच्या कुत्रीचं. माय गावठी अन् बाप हिंगणघाटच्या कोण्या व्यापाऱ्याचा लॅब, त्यामुळं दिसायला लॅब अन् भुंकायला अस्सल गावठी. नागपंचमीला दीड महिन्याचं होते. तूर-चणा उभा झाला की रोही अन् रानडुकरं रात्रभर वावरात राहतात, जागलीवर सोबत पाहिजे म्हणून आणलं.

आता घरात वाद सुरू आहे. बाबा म्हणतात आपल्याकडे इतके कुत्रे झाले, एकालाही सुई टोचली नाही. मेडिकलवाला म्हणते तीन महिन्यांचं झालं की रेबीजची एक देऊन टाका, विषय संपला. अन् नागपूरचा मित्र म्हणते दर तीन-चार आठवड्यांनी इंजेक्शन, असे चार वेळा, वरून रेबीज वेगळी. एवढे कायले लागतात? खरंच गरज आहे का शहरातल्या लोकांचे चोचले आहेत? गावात राहून कोणी पूर्ण केलं असेल तर सांगा. खर्च किती, लस आणावी कुठून, अन् लाइनीचं तर तुम्हाला माहीतच आहे, गेली की कधी येईल ते महावितरणालाही माहीत नसते.

रिकामटेकडा
नाव काय ठेवलं ते सांगा आधी. त्याशिवाय सल्ला देता येत नाही.

वावरवाला
बाबा शेरू म्हणतात, पोरगी ब्रूनो म्हणते. ते दोन्ही नावाला येत नाही, ताटलीच्या आवाजाला येते.

पऱ्हाटी (दारव्हा)
दादा, पूर्ण कोर्स करा. आमच्या जाऊबाईंकडं याच दिवसांत पिल्लू आणलं होतं, तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची दिली अन् सगळे निर्धास्त. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी एक दिवस सकाळी भाकरीला तोंड लावेना, मग उलट्या, मग रक्ताची हगवण. तो वास ज्यानं एकदा घेतला त्याला सांगावं लागत नाही, अंगणात पाय ठेवला की कळते. आमच्याकडं त्याला गॅस्ट्रो म्हणतात, डॉक्टरनी सांगितलं पार्व्हो. सलाइनवर ठेवलं तरी गेलं. रेबीजच्या लशीचा अन् पार्व्होचा काही संबंधच नाही, हे तेव्हा तिथं कोणी सांगितलंच नाही.

पुढच्या साली हौसेनं दुसरं आणलं, त्याच अंगणात बांधलं, तेही तसंच आजारी पडलं. ते मात्र वाचलं.

जुनं_खोड (अंजनगाव सुर्जी)
काई होत नाई बाप्पा. गावठी कुत्र्याले कायची लस? उकिरड्यावरचं खाते, नालीतलं पाणी पिते अन् धा-बारा वर्षं जगते. हे शहरातले नाजूक कुत्रे, एसीत झोपते, त्याइले लागते हे नखरे. माह्या बापानं कुत्रा पाळला, आज्यानं पाळला, कोणी डाक्टरचं तोंड नाई पाह्यलं. आता ढोराले टॅग, कुत्र्याले कार्ड, उद्या कोंबडीचं आधार काढा म्हणतीन.

रिकामटेकडा
काका कोंबडीचं आधार निघालं तरी अंगठ्याचा ठसा कसा घेतील?

ढोरडाक्टर (निवृत्त पशुधन पर्यवेक्षक)
जुनं खोड भाऊ, तुम्ही जगलेल्या कुत्र्यांचा हिशोब सांगून राहिले. गावातली कुत्री सहा-सहा पिल्लं देते, पोळ्यापर्यंत त्यातली दोन दिसतात. बाकीची कुठं गेली हे कोणी विचारत नाही. गेली म्हणजे गेली, कोणी उकिरड्यामागं टाकून देते. मग उरलेली दोन दाखवून आपण म्हणतो गावठी काटक असते. काटक आहेच, पण ती काटकी कशी झाली तेही पाहा.

दुसरं, तुमच्या आज्याच्या काळी पार्व्हो नव्हताच. हा रोग कुत्र्यांत १९७८ च्या सुमारास जगभर एकदम पसरला, त्याआधी कोणाला माहीत नव्हता. डिस्टेंपर, म्हणजे ताप-खोकला अन् मग झटक्यांचा रोग, तो जुना आहे, रेबीज तर फारच जुना. म्हणून आज्याचा दाखला इथं चालत नाही.

आता वावरवाला, एवढे डोस कायले ते समजून घ्या, मग कोणी काही सांगितलं तरी गोंधळ होणार नाही. पिल्लू जन्मलं की पहिल्या दिवशी आईचा चीक पिते, त्यातून आईच्या अंगातलं संरक्षण त्याला भेटते. ही आईनं बांधून दिलेली शिदोरी. जोपर्यंत ती आहे तोपर्यंत ती बाहेरच्या रोगालाही मारते अन् लशीलाही लागू होऊ देत नाही. सहा आठवड्यांपासून ती सरत जाते, कोणाची आठव्या आठवड्यात सरते, कोणाची सोळाव्यापर्यंत टिकते. एकाच वेताच्या दोन भावंडांतही फरक पडते. बाहेरून पाहून कळत नाही. म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी डोस देत राहायचा, म्हणजे जेव्हा शिदोरी सरेल त्यानंतरचा डोस तरी लागू होईल. हे चार डोस म्हणजे चारपट औषध नाही. खरा लागू होणारा डोस कोणता ते माहीत नसते, म्हणून सगळे द्यायचे. शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावरच पडला पाहिजे. बरेच लोक इथंच चुकतात, अडीच महिन्यांत दोन डोस देतात अन् कार्ड ठेवून देतात.

अन् ज्या कुत्रीलाच कधी लस नाही, तिच्या चिकात लशीचं संरक्षण कुठून येणार? कधी रोग होऊन वाचली असेल तर थोडंफार असेल, नाहीतर पिल्लू उघडंच.

वावरवाला
हे असं कोणी सांगितलंच नव्हतं. मग तारखा कशा धरू?

ढोरडाक्टर
सणांवर धरा, विसरणार नाही. संयुक्त लस, म्हणजे पार्व्हो-डिस्टेंपर वगैरेची एकत्र, तिची पहिली नागपंचमीच्या आसपास, दुसरी पोळ्याला, तिसरी पितृपक्षात अन् त्याचवेळी रेबीज, कारण तोवर तीन महिने पूर्ण होतात. चौथी कोजागिरीला. मग एक वर्षाचं झालं की संयुक्त लस अन् रेबीज दोन्हीचे बूस्टर. पहिल्या डोसच्या आधी आठ दिवस जंताचं औषध पाजा, अन् ते पुढं सहा महिन्यांचं होईपर्यंत महिन्याला एकदा, वजनावर, अंदाजानं नाही.

तूरदाळ
आमची आजी म्हणते पित्रांत नवीन काम करत नाही.

ढोरडाक्टर
तिसरा डोस म्हणजे जुनंच काम आहे, आजीला सांगा.

पुण्यात_अडकलेला (मूळचा पुसदचा)
छान माहिती. थोडी भर घालतो. संयुक्त लशीवर डीएचपीपीआय लिहिलेलं असते, त्यात डिस्टेंपर, काविळीचा हिपॅटायटिस, पार्व्हो अन् पॅराइन्फ्लुएंझा येतात, बहुतेकांत उंदरापासून होणारा लेप्टोही जोडलेला असतो. सेव्हन इन वन, नाईन इन वन हे आकडे पाहून हुरळू नका, लेप्टोचे प्रकार वेगवेगळे मोजून आकडा वाढते. पार्व्हो अन् डिस्टेंपर आहेत का ते पाहा. दुसरं म्हणजे वर्षाच्या बूस्टरनंतर पार्व्हो-डिस्टेंपरची लस दर तीन वर्षांनी पुरते असं छोट्या प्राण्यांच्या पशुवैद्यकांच्या जागतिक संघटनेचं मार्गदर्शन आहे. इकडं तर लोक टायटर टेस्ट करून पाहतात की अजून संरक्षण आहे का.

रिकामटेकडा
भाऊ आमच्याकडं माणसाची रक्ततपासणी करायला तालुक्याला जावं लागते अन् रिपोर्ट दुसऱ्या दिवशी. कुत्र्याची टायटर म्हटलं तर लॅबवाला ट्रॅक्टरचं टायर समजीन.

ढोरडाक्टर
पुण्याच्या भाऊचं बरोबर आहे, तीन वर्षांचं. पण लेप्टोचं संरक्षण वर्षभरच टिकते, तो दरवर्षी. उंदराच्या लघवीतून येते, साचलेल्या पाण्यातून, अन् माणसालाही होते. धानाच्या बांधीत जाणारा कुत्रा असेल तर नक्की द्या. रेबीजही आपल्याकडं दरवर्षीच देतात, त्यात काटकसर नको.

धानाची_बांधी (लाखनी)
आमच्या इकडं हेच सांगितलं डॉक्टरनं. खर्चाचं विचारलं होतं कोणीतरी. मला संयुक्त लशीचा एक डोस ५०० ते १००० च्या मधात पडला, डॉक्टरची फी धरून, गावागावात फरक राहते. रेबीज त्याहून बरीच स्वस्त. चारही धरले तर एका बऱ्या बकरीच्या पिल्लाची किंमत होत नाही. अन् पार्व्हो झाला तर सलाइन, अँटिबायोटिक, येणंजाणं, मजुरी बुडते ती वेगळी, इतकं करूनही भरोसा नाही.

पांदण_रस्ता (आर्णी)
सरकारी दवाखान्यात फुकट भेटत नाही का?

पऱ्हाटी
रेबीजची कधी कधी राहते, ६ जुलैला प्राणिजन्य रोग दिन असते, तेव्हा अन् २८ सप्टेंबरला रेबीज दिनाच्या सुमारास बऱ्याच ठिकाणी मोफत शिबिर लावतात, चौकशी करून ठेवा. संयुक्त लस मात्र आमच्याकडं तरी बाहेरूनच आणावी लागते. आमच्या गल्लीत तीन घरी पिल्लं होती तर आम्ही एकच ऑटो केला, कुत्रे मांडीवर अन् बाया एकमेकीच्या मांडीवर.

ढोरडाक्टर
दहा डोसची रेबीजची बाटलीही मिळते. ती उघडली की जपून ठेवण्यात अर्थ नसते, म्हणून गावातले आठ-दहा कुत्रेवाले एकत्र आले अन् आधी डॉक्टरशी बोलून दिवस ठरवला तर सगळ्यांचं स्वस्तात होते. कळपातल्या मेंढपाळांच्या कुत्र्यांनाही धरा, ते रानात सगळ्यात जास्त फिरतात. बाकी १९६२ वर फोन केला की पशुवैद्यकीय फिरतं पथक येते, पण तुमच्या भागात कोणता दिवस अन् त्यांच्याजवळ कोणती लस, ते फोनवरच विचारा.

पांदण_रस्ता
मेडिकलमधून लस आणून घरीच टोचली तर? आमचा एक सालदार ढोराला सुई मारते, हात चांगला आहे त्याचा.

ढोरडाक्टर
सालदाराचा हात चांगला असेल, पण लस थंड होती का हे त्याला कसं कळणार? २ ते ८ अंशाच्या मधात ठेवावी लागते. गरम झाली तर गेली, गोठली तरी बिघडते. म्हणजे फ्रीजरमध्ये नाही अन् बर्फाला चिकटवूनही नाही. मे महिन्यात वर्धा-चंद्रपूरला पारा ४५ च्या वर असते, शर्टाच्या खिशात घालून दहा किलोमीटर मोटरसायकलवर आणली तर ते पाणीच टोचलं समजा. अन् बिघडलेली लस पाहून ओळखू येत नाही, तशीच दिसते. पिल्लू लस घेतलेलं म्हणून आपण बिनधास्त सोडतो, म्हणून तर जास्त नुकसान होते.

संयुक्त लशीत बहुधा एक छोटी भुकटीची टिकली राहते अन् दुसऱ्या कुपीत पाणी. टोचायच्या वेळीच मिसळायची. कोणी आधीच सिरिंजमध्ये भरून ठेवलेली काढली तर सरळ विचारा, कधी भरली म्हणून. कुपीवरचं स्टिकर कार्डावर चिकटवून घ्या, त्यावर बॅच नंबर अन् तारीख असते.

तूरदाळ
लाइन गेली तर दवाखान्यातल्या फ्रीजचं काय?

ढोरडाक्टर
फ्रीज उघडला नाही तर काही तास थंडी राहते. जो डॉक्टर दर तासाला त्यातून पाण्याची बाटली काढते, त्याच्याकडून घेऊ नका.

पऱ्हाटी
आमच्याकडचे डॉक्टर चहासाठीचं दूधही त्यातच ठेवत होते. मी म्हटलं डॉक्टरसाहेब, लशीसोबत दूध पण टोचता का? तेव्हापासून वेगळा फ्रीज आणला.

बफरझोन (चिमूर तालुका)
आमच्या गावाच्या मागून ताडोबाचा बफर सुरू होते, म्हणून हे लिहितो. आमच्याकडं कुत्र्याचं आयुष्य लशीवर कमी अन् बिबट्याच्या मूडवर जास्त अवलंबून असते. रात्री पिल्लू कोठ्यात आत बांधा, ओसरीत नाही, साखळीनं तर अजिबात नाही, साखळीचं कुत्रं म्हणजे बिबट्याला वाढलेलं ताट.

पण लशीचंही महत्त्व आहे अन् ते फक्त आपल्या कुत्र्यापुरतं नाही. डिस्टेंपर वाघ-बिबट्यालाही होते. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात सिंह मेले, त्यात हाच विषाणू सापडला. त्याच्या आधी १९९४ मध्ये आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत सिंहांचा जवळपास एक तृतीयांश कळप याच रोगानं गेला. कुत्र्याला झाला तर आधी नाकाडोळ्यांतून चिकट पाणी, खोकला, ताप, मग बरं वाटते अन् काही आठवड्यांनी झटके सुरू होतात. एक पाय सारखा थरथरत राहते, झोपेतही. तळपायाची कातडी कडक होते. आमच्या गावात एक कुत्री अशी आहे, वाचली, पण तिचा मागचा पाय अजून नाचते. पोट्टे तिला डीजे म्हणतात.

जुनं_खोड
आता वाघासाठी म्या कुत्र्याले सुई टोचू? वाघानं माही गाय खाल्ली तवा वाघाले कोणी काही नाई टोचलं.

बफरझोन
काका वाघासाठी नका टोचू, कुत्र्यासाठी टोचा, वाघाचं आपोआप होईल. गाईची भरपाई भेटली का?

जुनं_खोड
पंचनामा झाला. भरपाईचं इचारू नका.

तूरदाळ
धागा भरपाईवर गेला तर हजार प्रतिसाद होतील, परत या.

गोचीडनाशक (मूर्तिजापूर)
माझा प्रश्न. आमच्या कुत्र्याला सगळ्या लशी झाल्या तरी ताप आला, नाकातून रक्त आलं. डॉक्टर म्हणाले गोचीड ताप. मग लशीचा फायदा काय?

ढोरडाक्टर
गोचीड तापावर आपल्याकडं कुत्र्याची लस मिळत नाही. ते रक्तातले वेगळे जंतू, गोचिडातून येतात. त्याला गोचीडच काढावे लागतात, अंगावरचे अन् कोठ्याच्या भेगांतलेही. फक्त एक सांगतो, कपाशीवर फवारायचं औषध पाण्यात कालवून पिल्लाला आंघोळ घालणारे लोक आहेत. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली, मग चार किलोच्या पिल्लाचं काय होईल? कुत्र्यासाठीचं औषध घ्या, वजन सांगून.

पांदण_रस्ता
दोन महिन्यांच्या पिल्लानं खेळता खेळता पोराला दात लावला. थोडं रक्त आलं. पिल्लू घरचंच आहे, एकदम ठणठणीत. बायको घाबरली आहे, आई म्हणते मिरची अन् चुना लावा.

ढोरडाक्टर
मिरची-चुना काही लावू नका. आत्ता उठा, वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवा, घड्याळ पाहून. मग प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या, पट्टीनं झाकू नका. पिल्लू ठणठणीत दिसलं तरी त्याला लस झालेली नाही, म्हणून धोका नाही असं समजू नका, लहान पिल्लालाही रेबीज होते. इंजेक्शनं आता दंडात देतात, पोटातली चौदा ही जुनी भीती आहे. पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या असं वेळापत्रक राहते, ते देतील तसं पूर्ण करा. रक्त आलं आहे म्हणून जखमेत द्यायच्या सीरमबद्दलही तिथं विचारा. पिल्लू दहा दिवस नजरेसमोर ठेवा. रेबीजची लक्षणं सुरू झाल्यावर उपाय नसते, म्हणून आज रात्रीच जा.

पांदण_रस्ता
निघालो.

पांदण_रस्ता
झालं. पहिलं दिलं, सीरमसाठी जिल्ह्याला पाठवलं, तेही झालं. पोरगा म्हणते कुत्र्यालाही माझ्यासोबत टोचा.

पऱ्हाटी
बरं केलं दादा. आईंना सांगा, मिरची ठेच्यासाठी ठेवा.

जुनं_खोड
रेबीजचं म्या कधी नाई म्हटलं नाई. आमच्या इकडं एक पिसाळलेलं कुत्रं आल्तं, एका दिवसात किती ढोराइले चावलं त्याचा पत्ता नाई. ते देऊन टाका. बाकीच्या चार सुयाचं अजून मले पटलं नाई.

ढोरडाक्टर
नका पटू देऊ. दिवाळीनंतर तुमच्या कुत्रीच्या वेताचं काय झालं ते इथं लिहा, जन्मलेली किती अन् उरलेली किती.

वावरवाला
सगळ्यांचे आभार. तालुक्याला जाऊन आलो. डॉक्टरनं तपासलं, पोट फुगलेलं पाहून आधी जंताचं औषध देल्लं, दुसऱ्या दिवशी शेवयांसारखे जंत पडले, पोरगी जेवली नाही. आठ दिवसांनी लस टोचली. अर्धा तास तिथंच बसवून ठेवलं, म्हणे कधी कधी तोंडावर सूज येते, उलटी होते, तर समोर असलेलं बरं. काही झालं नाही, फक्त दिवसभर झोपलं अन् रात्री भाकर कमी खाल्ली. बाबांनी विचारलं आजारी पडलं का, मी म्हटलं झोपू द्या.

दोन गोष्टी राहिल्या. एक, दुसरा डोस ऐन पोळ्याला येते, त्या दिवशी बैल सजवायचे असतात अन् दवाखाना बंद. दोन-चार दिवस पुढं गेला तर चालते का पुन्हा पहिल्यापासून? दुसरं, त्याला वावरात कधीपासून न्यावं? आत्तापासून सवय लागली नाही तर डुकराला पाहून पळीन.

ढोरडाक्टर
दोन-चार दिवस पुढं चालते, पुन्हा पहिल्यापासून नाही. फार लांबलं, म्हणजे सहा-सात आठवडे झाले, तर डॉक्टरला विचारा, एखादा जास्तीचा द्यावा लागेल.

वावरात न्या, पण उचलून. याच वयात आवाज, माणसं, बंडी, ट्रॅक्टर, ढोरं सगळं दाखवलं पाहिजे, नाहीतर पुढं भित्रं होते. फक्त रस्त्यावरच्या कुत्र्यांची हगवण जिथं असते तिथं जमिनीवर सोडू नका, पानठेल्यासमोर, उकिरड्यावर, बसस्टँडवर. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकते, वर्षभरही. चपलेला लागून घरी येते. शेवटचा डोस होऊन दोन आठवडे झाले की मग मोकळं सोडा.

पऱ्हाटी
म्हणूनच जाऊबाईंचं दुसरं पिल्लू आजारी पडलं होतं ना, त्याच अंगणात?

ढोरडाक्टर
हो ताई. फिनाइल टाकून तो मरत नाही, कपडे पांढरे करायचं ब्लीच लागते, एका वाटीला तीस वाट्या पाणी, फरशीवर दहा मिनिटं ठेवायचं. मातीच्या अंगणात तेही नीट चालत नाही. तिथं नवीन पिल्लू आणायचं तर पूर्ण कोर्स झालेलंच आणा.

वावरवाला
मग पोळ्याच्या तिसऱ्या दिवशी जातो. अन् रेबीजची दहा डोसची बाटली पितृपक्षात काढायची म्हणतो, गावात सहा कुत्रेवाले तयार झाले, एक मेंढपाळही आहे, त्याचे दोन. समुद्रपूर-हिंगणघाटकडून कोणी येत असेल तर सांगा.

सोयाबीन_रडवते (हिंगणघाट)
माझा एक धरा. चावते, तोंडाला जाळी बांधून आणतो.

तूरदाळ
म्हणजे नऊ झाले. दहावा कोण?

गोचीडनाशक
मूर्तिजापूरहून येणं परवडत नाही, नाहीतर आलो असतो.

सोयाबीन_रडवते
शेजाऱ्याचा आणतो, त्याला न विचारता.